मोठा ट्रॅक्टर घ्यावा की लहान?

बैल विकत घेताना आपण काय पाहतो? दात पाहतो. खूर पाहतो. खांदा पाहतो. चार पावलं चालवून पाहतो. मारका तर नाही ना, हेही विचारतो. दहा बैल पाहावेत, तेव्हा एक पसंत पडतो.

ट्रॅक्टर बैलापेक्षा कितीतरी महाग. पण तो घेताना पुष्कळ जण एकच गोष्ट पाहतात. शेजाऱ्याने कोणता घेतला? शेजाऱ्याचा मोठा असला, तर आपला त्याहून मोठा हवा! मग दारात ट्रॅक्टर येतो. त्याला हार घालतात, पेढे वाटतात. सहा महिन्यांनी पहिला हप्ता येतो, आणि मग घरात बोलाचाली सुरू होते.

मंडळी, ट्रॅक्टर मोठा की लहान, हे शेजाऱ्याने ठरवायचं नाही. ते आपलं रान ठरवतं. आपलं पीक ठरवतं. आणि वर्षातले कामाचे तास ठरवतात. ते कसं, हे या पाठात पाहू.

अश्वशक्ती म्हणजे काय?

ट्रॅक्टरची ताकद हॉर्सपॉवरमध्ये मोजतात. बोलताना आपण एच.पी. म्हणतो. मराठीत तिला अश्वशक्ती म्हणतात. अश्व म्हणजे घोडा. जेम्स वॅट नावाच्या कारागिराने अठराव्या शतकात हे माप रूढ केलं. त्याने वाफेच्या इंजिनात मोठी सुधारणा केली होती. एक इंजिन किती घोड्यांचं काम करील, हे गिऱ्हाइकाला समजावं, म्हणून त्याने घोड्याचं माप धरलं.

७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलायला जेवढी ताकद लागते, ती एक अश्वशक्ती. ७५ किलो म्हणजे पंधरा लिटरच्या पाच घागरी पाणी. एक मीटर म्हणजे सव्वातीन फूट. दिवसभर औत ओढणारी चांगली बैलजोडी एका अश्वशक्तीच्या आसपास ताकद लावते, बहुधा थोडी कमीच.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. कागदावर लिहिलेली ताकद ही इंजिनाची असते. ती सगळीच्या सगळी अवजाराला मिळत नाही. ट्रॅक्टरच्या मागे एक फिरणारा दांडा असतो. त्याला पीटीओ म्हणतात. रोटाव्हेटर, फवारणीचा ब्लोअर ही अवजारं त्यावर चालतात. दांड्याजवळ मिळणारी ताकद इंजिनापेक्षा कमी असते. म्हणून दुकानात नुसतं "किती एच.पी.?" असं विचारू नका. "पीटीओला किती एच.पी.?" असंही विचारा.

लहान आणि मोठा, फरक काय?

लहान ट्रॅक्टर साधारण १५ ते २५ एच.पी.चा असतो. त्याची रुंदी तीन ते चार फूट असते. वजन पाऊण ते एक टन. त्याच्यामागे तीन-साडेतीन फुटांचा रोटाव्हेटर चालतो. तो थोड्या जागेत वळतो.

मोठा ट्रॅक्टर साधारण ४० ते ५० एच.पी.चा. त्याची रुंदी साडेपाच ते सहा फूट. वजन दोन टनांच्या आसपास. त्याच्यामागे पाच-सहा फुटांचा रोटाव्हेटर चालतो. पलटी नांगर तो खोल ओढतो. भरलेली ट्रॉली तो धरून ठेवतो.

या दोहोंच्या मधलेही ट्रॅक्टर मिळतात. पण पुष्कळ घरांत वाद असतो तो या दोहोंचाच.

वजन हा गुण आहे, तसाच दोषही आहे. खोल नांगरटीत चाकाने मातीला धरलं पाहिजे. ट्रॅक्टर हलका असला, तर चाक जागीच फिरतं, डिझेल जळतं आणि नांगर पुढे सरकत नाही. तिथे वजन कामाला येतं. पण तेच वजन ओल्या काळ्या रानात घातलं, तर माती दाबली जाते. खाली कडक थर बसतो. मग मुळं खाली जात नाहीत आणि पाणीही मुरत नाही. म्हणून वाफसा आल्याशिवाय रानात ट्रॅक्टर घालू नये. लहान असो की मोठा. मोठ्याच्या बाबतीत तर मुळीच नको.

आपलं रान काय सांगतं?

नाशिककडे निफाड, दिंडोरी या तालुक्यांत द्राक्षबागा पुष्कळ आहेत. तिथे दोन ओळींत नऊ फुटांच्या आसपास अंतर ठेवतात. नऊ फुटांत सहा फुटांचा ट्रॅक्टर बसेल, असं कोणी म्हणेल. पण ओळींवर मांडव असतो, तारा असतात, वेल दोन्ही बाजूंना पसरलेले असतात. मोठा ट्रॅक्टर आत गेला, तर घड झडतात, फांद्या मोडतात. शिवाय ओळीच्या शेवटी वळायला जागा लागते. फवारणी तर हंगामात पुन्हा पुन्हा करावी लागते. अशा बागेत लहान ट्रॅक्टरच शोभतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या भारी काळ्या रानाची गोष्ट वेगळी. कपाशी, तूर, सोयाबीन यांची रानं मोकळी. उन्हाळ्यात ढेकळं दगडासारखी होतात. तिथे खोल नांगरटीला मोठा ट्रॅक्टर लागतो. लहान ट्रॅक्टर वरवर खरवडत राहील.

कोल्हापूर-सांगलीकडे ऊस आहे. उसाला दोन्ही प्रकारची कामं आहेत. सऱ्या रुंद ठेवल्या, तर आंतरमशागत आणि भर देणं लहान ट्रॅक्टर करतो. पण ऊस कारखान्याला नेणं हे मोठ्याचंच काम.

कोकणात भाताची खाचरं लहान, एकाखाली एक उतरत गेलेली. तिथे बांध ओलांडून मोठा ट्रॅक्टर न्यायचा कसा? पुष्कळ ठिकाणी पॉवर टिलरच बरा पडतो.

तेव्हा पहिलं काम हे. हातात टेप किंवा खुणा केलेली काठी घ्या. ओळीतलं अंतर मोजा. वळायची जागा मोजा. रानाकडे जाणारी वाट कुठे सर्वांत अरुंद आहे, ते मोजा. मोजलेलं कागदावर लिहा, आणि तो कागद खिशात घेऊनच दुकानात जा.

एका घरातला हिशेब

२०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात एका शेतकऱ्याकडे सरासरी १.३४ हेक्टर जमीन होती. म्हणजे सुमारे सव्वातीन एकर. एवढ्याशा जमिनीवर ट्रॅक्टरचा भार टाकायचा, तर हिशेब केलाच पाहिजे.

समजा, निफाडकडचं एक घर आहे. दोघे भाऊ एकत्र राहतात. जमीन सात एकर. तीन एकर द्राक्षं. चार एकरांत सोयाबीन आणि मग गहू.

थोरला म्हणतो, "घ्यायचा तर पंचेचाळीसचाच घेऊ. चार लोकांत मान राहील."

धाकटा म्हणतो, "दादा, तो बागेत वळणार कसा?"

थोरल्याची बायको साक्षरता वर्गाला जाते. ती म्हणते, "भाऊजी, वही आणा. अहो, तुम्ही आकडे सांगा. मी लिहिते."

मग तिने लिहिलं ते असं. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत.

मोठा ट्रॅक्टर ८ लाखांचा. दहा वर्षांनी विकला, तर २ लाख येतील. म्हणजे दहा वर्षांत ६ लाख झिजले. वर्षाला ६०,००० रुपये. व्याज वर्षाला सरासरी ५०,००० रुपये. विमा वगैरे १०,०००. एकूण वर्षाला १,२०,००० रुपये. यात डिझेल नाही, दुरुस्ती नाही. ट्रॅक्टर गोठ्यात उभा राहिला, तरी हा खर्च चुकत नाही.

मोकळ्या चार एकरांत मोठ्याला वर्षात काम किती? फार तर ६० तास. १,२०,००० भागिले ६०. एका तासाला २,००० रुपये पडले!

लहान ट्रॅक्टर ४ लाखांचा. त्याचा तसाच खर्च वर्षाला ६०,००० रुपये. बागेतली फवारणी, मशागत, खत नेणं धरून काम वर्षाला २५० तास. तासाला २४० रुपये पडले.

थोरला म्हणाला, "आणि चार एकरांची खोल नांगरट?"

"ती भाड्याने," ती म्हणाली. "नांगरट आणि माल वाहणं मिळून वर्षाला २०,००० रुपये धरा. लहानाचे ६०,००० आणि हे २०,०००. झाले ८०,०००. मोठ्याचे १,२०,००० देऊनही बागेची फवारणी दुसऱ्याकडूनच करून घ्यावी लागेल."

थोरला काही बोलला नाही. पण त्याने वही आपल्याकडे ओढली आणि आकडे पुन्हा एकदा तपासले.

याचा अर्थ मोठा ट्रॅक्टर वाईट, असा नाही. ज्याची मोकळी जमीन पंचवीस-तीस एकर आहे, शिवाय ज्याला गावातलं भाड्याचं काम मिळतं, त्याचा ट्रॅक्टर वर्षाला ६०० तास चालेल. मग तोच १,२०,००० चा खर्च तासाला २०० रुपये पडेल. त्याला मोठाच बरा. मात्र भाड्याच्या भरवशावर घेणाऱ्याने एक ओळखून असावं. भाड्याचे पैसे लोक सुगी झाल्यावर देतात. बँकेचा हप्ता मात्र तारखेला भरावा लागतो.

आणि ज्याची जमीन दोन-तीन एकर आहे, बाग नाही, त्याने? त्याने मोठाही घेऊ नये, लहानही घेऊ नये. भाड्याने काम करून घ्यावं. काही गावांत गटाच्या किंवा सोसायटीच्या अवजार बँका आहेत. तिथे ट्रॅक्टर आणि अवजारं भाड्याने मिळतात. दारात ट्रॅक्टर नाही म्हणून कोणी कमी होत नाही. सातबारावर बोजा चढला, म्हणजे मात्र झोप उडते.

जिवाची काळजी

लहान ट्रॅक्टर म्हणजे खेळणं नव्हे. तो अरुंद असतो. बांधावर किंवा उतारावर एक चाक चढलं, तर तो कलंडायला वेळ लागत नाही. तो हलकाही असतो. भरलेली जड ट्रॉली उतारावर त्याला मागून ढकलते, आणि मग ब्रेक पुरे पडत नाही. जे वजन ओढता येतं, ते थांबवताही आलं पाहिजे.

मोठा ट्रॅक्टरही उलटतो. ओढायची साखळी उंच जागी बांधली आणि जोर दिला, की पुढची चाकं उचलतात. ट्रॅक्टर मागे चालवणाऱ्याच्या अंगावर येतो. साखळी नेहमी खाली, ठरलेल्या आकड्यालाच बांधावी. डोक्यावर लोखंडी कमान असलेला ट्रॅक्टर मिळत असेल, तर तोच घ्यावा, आणि पट्टा बांधून बसावं. बाजूच्या मडगार्डवर पोरांना बसवू नये.

पीटीओचा दांडा बहुतेक अवजारांसाठी मिनिटाला ५४० फेरे फिरतो. म्हणजे एका सेकंदात ९ फेरे! धोतराचा सोगा, साडीचा पदर, उपरणं त्यात अडकलं, तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. दांड्यावरचं झाकण काढून टाकू नका. इंजिन बंद केल्याशिवाय जवळ जाऊ नका.

सही करण्याआधी

आता तुम्हाला वाचता येतं. त्याचा उपयोग इथे करा. दुकानदाराकडून लेखी दरपत्रक घ्या. त्यात अवजारांची किंमत धरली आहे का? विमा, नोंदणी धरली आहे का? २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. तुमच्या कागदावर किती लावला आहे, ते वाचा.

मध्य प्रदेशात बुदनी इथे सरकारी संस्था आहे. तिथे ट्रॅक्टरची परीक्षा होते. त्या अहवालात ताकद किती, डिझेल किती, हे लिहिलेलं असतं. दुकानदाराला तो दाखवायला सांगा. अनुदानाच्या अटी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. अनुदान आहे म्हणून ट्रॅक्टर घेऊ नका. ट्रॅक्टर लागतो, म्हणून अनुदान घ्या.

ट्रॅक्टर आपल्याच रानात, आपल्याच अवजारासह चालवून दाखवा, असं सांगा. दुकानाच्या पटांगणात सगळेच चांगले चालतात. आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. कोणी कितीही घाई केली तरी.

लक्षात ठेवा

१. ओळीतलं अंतर आणि वाट आधी मोजावी.
२. भारी मोकळ्या रानाला वजन लागतं. बागेला अरुंद ट्रॅक्टर लागतो.
३. वर्षाचा खर्च भागिले कामाचे तास, हा हिशेब घरातल्या सर्वांनी मिळून करावा.
४. थोड्या तासांच्या कामाला भाड्याचा ट्रॅक्टर बरा.
५. वाचल्याशिवाय सही नाही.

विचार करा आणि वर्गात बोला

१. तुमच्या रानात वर्षाला किती तास ट्रॅक्टर लागतो?
२. गोष्टीतल्या घराची बाग नसती, तर त्यांनी काय करायला हवं होतं?
३. तुमच्या गावात दोन-तीन घरांनी मिळून एक ट्रॅक्टर घेतला, तर कोणते नियम आधी लिहून ठेवावे लागतील?