वर्गातला दुभाष्या

नाटे बंदरावर होड्या लागण्याची वेळ झाली की केवढा तरी गलबला असतो. इंजिनांची धडधड, वारा, लाटा. अशा वेळी होडीवरचा माणूस तोंडाने ओरडत बसत नाही. दोरी टाक म्हणून हात करतो, थांब म्हणून पंजा दाखवतो. किनाऱ्यावरचा ते ओळखतो आणि काम होऊन जाते. तेव्हा कानांवाचूनही बोलता येते, हे खाडीकाठच्या माणसाला कोणी नव्याने सांगायला नको.

परंतु ह्या झाल्या खुणा. खुणांनी दोरी मागता येते. पण “काल वारा फार होता म्हणून आम्ही गेलो नाही; उद्या उतरला तर जाऊ,” हे सांगायचे झाले की नुसत्या खुणा अपुऱ्या पडतात. काल आणि उद्या, म्हणून आणि तर, होय आणि नाही, हे सारे ज्यात सांगता येते ती भाषा. बहिऱ्या माणसांची अशी एक पूर्ण भाषा आहे. आपल्या देशात तिला भारतीय सांकेतिक भाषा म्हणतात. ह्या भाषेतून बहिऱ्या मुलाचे शिक्षण कसे होते, आणि शिक्षक व मूल ह्यांच्या मध्ये उभा राहणारा दुभाष्या नेमके काय करतो, ते आज पाहू.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपण सहज ‘मुका-बहिरा’ असा जोडशब्द वापरतो. पण बहुतेक बहिऱ्या मुलांचा कंठ शाबूत असतो. बोलणे आपण ऐकून शिकतो. ज्याला ऐकूच येत नाही त्याला बोलणे शिकायला वाट राहत नाही, एवढेच. बुद्धीचा त्यात काही दोष नाही.

आता असे एखादे मूल तुमच्या-आमच्या गावच्या शाळेत बसले आहे अशी कल्पना करा. गुरुजी शिकवताहेत. मूल फळ्यावरचे उतरवून घेते, अक्षर सुरेख काढते. वही पाहून पालकांना वाटते, छान चालले आहे. पण त्या अक्षरांचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. ते शाळेत येते, हजेरी लागते, वरच्या वर्गातही जाते. शिकत मात्र नाही. “ओठांकडे बघ म्हणजे समजेल,” असे कोणी म्हणेल. आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता ‘पार’, ‘बार’, ‘भार’ आणि ‘मार’ असे म्हणून पाहा. चारही वेळा ओठ एकसारखेच हलतात. त्यातून गुरुजी फळ्याकडे वळले की ओठही दिसेनासे होतात.

इथे दुभाष्याचे काम सुरू होते. गुरुजी मराठीत बोलतात, ते ऐकून दुभाष्या सांकेतिक भाषेत सांगतो; मूल हातांनी जे विचारते ते तो मराठीत बोलून दाखवतो. काम सोपे वाटते, पण तसे नाही. एक उदाहरण घेऊ. भूगोलाच्या तासाला गुरुजी म्हणाले, “चंद्राच्या ओढीमुळे समुद्राला भरती येते.” आता मराठीत ओढ दोन प्रकारची. आईला लेकराची ओढ लागते तीही ओढच. शब्दाला शब्द ठेवणारा कच्चा दुभाष्या इथे चंद्राला माया फुटल्याचे सांगून मोकळा होईल! जाणता दुभाष्या शब्द सोडून अर्थ धरतो. तो समोरच्या हवेत एका जागी पृथ्वी ठेवतो, दुसऱ्या जागी चंद्र ठेवतो, आणि पाणी चंद्राच्या बाजूला कसे फुगते ते हातांनी दाखवतो. एकदा चंद्राची जागा ठरली की पुढे नुसते तिकडे बोट केले तरी ‘तो’ म्हणजे चंद्र, हे मुलाला कळते. साखरी नाट्याच्या मुलाने भरती-ओहोटी जन्मापासून पाहिलेली असते. तिचे कारण मात्र त्याला भाषा मिळाल्यावाचून कळत नाही.

ह्या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. “तुझे नाव काय?” ह्या प्रश्नातला ‘काय’ शेवटी येतो, तसाच नकारही शेवटी येतो. होय की नाही असा प्रश्न असेल तर भुवया उंचावतात. म्हणजे चेहराही व्याकरणाचाच भाग झाला. मराठीतले ला, ने, त हे प्रत्यय मात्र तिच्यात नाहीत. ते नाते हातांची जागा आणि दिशा सांगते. म्हणून बहिरे मूल “मी शाळा गेलो” असे लिहिते. शिक्षकहो, ह्या वाक्याला लाल शाई लावताना एवढे ध्यानात असू द्या की मराठी ही त्या मुलाची दुसरी भाषा आहे. आपण इंग्रजी लिहिताना अडखळतो, तसेच ते अडखळते.

वर्गात दुभाष्या असेल तर शिक्षकाने काही गोष्टी पाळाव्या लागतात. दुभाष्याला फळ्याजवळ, आपल्या शेजारी उभे करावे, म्हणजे मुलाला तिघेही एका नजरेत दिसतात. त्याच्या पाठीमागे उजेडाची खिडकी नको, नाही तर हात आणि चेहरा काळोखात जातात. मुलाला डोळे दोन असले तरी नजर एकच आहे. “पुस्तकातले चित्र पाहा” म्हणून लगेच बोलत राहिलात, तर ते एकतर चित्र पाहील, नाहीतर हात पाहील. म्हणून चित्र पाहायला वेळ द्या, मग बोला. दुभाष्या तुमच्या बोलण्यामागे काही क्षण असतो. प्रश्न विचारताच पहिल्या वर आलेल्या हाताला उत्तर सांगू दिले, तर बहिऱ्या मुलाची पाळी कधी येणारच नाही. थोडे थांबा. आणखी एक. “त्याला विचारा, समजले का?” असे दुभाष्याला सांगू नका. मुलाकडे पाहून थेट मुलालाच विचारा. विद्यार्थी तुमचा आहे.

दुभाष्याचीही शिस्त असते. जे बोलले जाईल ते सगळे त्याने पोचवायचे. गुरुजींचा विनोदही आणि रागही. आपल्या पदरचे घालायचे नाही, मुलाच्या वतीने उत्तर द्यायचे नाही. हे काम थकवणारे आहे. वीस ते तीस मिनिटे सलग केले की चुका होऊ लागतात, म्हणून मोठ्या व्याख्यानाला दोघे जण आळीपाळीने उभे राहतात. उद्याचा धडा आज त्याच्या हाती दिला तर नव्या पारिभाषिक शब्दांची तयारी त्याला करता येते. मग खूण नसलेला शब्द तो बोटांनी अक्षरे दाखवून सांगतो.

हे सर्व इतके उपयोगाचे, तर मग आजवर का झाले नाही, असे तुम्ही विचाराल. त्याला एक जुने कारण आहे. १८८० साली इटलीत मिलान येथे बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. हातांची भाषा शाळेतून काढावी, मुलांना तोंडाने बोलायलाच शिकवावे, असा ठराव तिथे झाला. त्याच दशकात मुंबईत बहिऱ्यांची शाळा निघाली. आपल्या देशातली ती पहिली समजतात. पुढे कित्येक वर्षे आपल्याकडेही ओठ वाचण्यावरच भर राहिला. मुले मात्र गुरुजींची पाठ वळली की हातांनी बोलत आणि एकमेकांकडून भाषा शिकत. १९६० साली विल्यम स्टोकी ह्या अमेरिकन प्राध्यापकाने दाखवून दिले की तिथल्या बहिऱ्यांची हातांची भाषा ही व्याकरण असलेली खरी भाषा आहे. १९७० नंतरच्या दशकात मदन वसिष्ठ, जे स्वतः बहिरे आहेत, आणि जेम्स वुडवर्ड ह्यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई व बंगलोर इथल्या खुणा ताडून पाहिल्या. बऱ्याचशा, म्हणजे सुमारे पाऊण हिस्सा खुणा एकमेकींशी जुळत होत्या. आणि २०१० साली कॅनडात व्हँकूव्हर येथे भरलेल्या परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. एवढ्या गोष्टीला १३० वर्षे लागली!

आपल्याकडे आता कायदाही मुलाच्या बाजूने आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. बहिऱ्या मुलाला त्याला योग्य अशा भाषेतून शिक्षण मिळावे आणि सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक तयार करावेत, असे तो सांगतो. दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याच्या शब्दकोशात २०२१ साली १०,००० शब्द झाले. २०२० साली ह्या केंद्राचा पाठ्यपुस्तके सांकेतिक भाषेत आणण्याबद्दल एन.सी.ई.आर.टी.शी करार झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये सारा सनी ह्या बहिऱ्या वकील बाईंनी दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात काम चालवले. ज्या मुलीला वर्गात भाषा मिळते ती कुठवर जाऊ शकते, ते ह्यावरून दिसते.

पण एक अडचण उरतेच, आणि ती सर्वांत मोठी आहे. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे अपंगत्व असलेली माणसे देशात सुमारे ५० लाख होती. दुभाषे त्या मानाने अगदी थोडे, तेही बहुतेक शहरांत. शिवाय दुभाष्या आला तरी तो भाषांतर कोणत्या भाषेत करणार? दहांतली नऊ तरी बहिरी मुले ऐकणाऱ्या आई-बापांच्या पोटी जन्मतात. घरात सांकेतिक भाषा कोणालाच येत नाही. ज्या मुलाने सहा वर्षे ना मराठी ऐकली ना सांकेतिक भाषा पाहिली, त्याच्यापुढे उत्तम दुभाष्याचे हातही नुसते हलणारे हातच. दुभाष्या दोन भाषांमध्ये पूल बांधतो. एका काठाला भाषाच नसेल तर पूल टेकवायचा कुठे?

तेव्हा सुरुवात घरापासून आणि लवकर झाली पाहिजे. तान्हे मूल भांडे पडल्याच्या आवाजाला दचकत नसेल तर “पुढे ऐकेल” म्हणून वाट पाहू नका. सरकारी दवाखान्यात कानांची तपासणी करा. श्रवणयंत्र मिळाले तर अवश्य लावा. यंत्र आणि सांकेतिक भाषा ह्यांचे वैर नाही. यंत्राने किती ऐकू येईल ते कळेपर्यंत मुलाला भाषेवाचून ठेवू नये, इतकेच. आई, वडील, आजी, भावंडे सर्वांनी रोज चार खुणा शिकल्या तरी वर्षाला हजाराच्या वर होतात. शब्दकोश मोबाईलवर फुकट पाहता येतो. पीएम ई-विद्या ह्या शैक्षणिक वाहिन्यांपैकी ३१ क्रमांकाची वाहिनी ६ डिसेंबर २०२४ पासून सांकेतिक भाषेसाठीच आहे. शिक्षकांनी तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करावी, आणि वर्गातल्या इतर मुलांनाही खुणा शिकवाव्यात. मुले हे खेळासारखे उचलतात, आणि मधल्या सुट्टीत कोणाला दुभाष्या लागत नाही.

शेवटी आपल्या तरुण मुलामुलींसाठी एक गोष्ट. कोकणातून मुंबईला जाणाऱ्यांची रांग मोठी आहे. तिथे वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. दुभाष्याचा दोन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम बारावीनंतर करता येतो. बहिऱ्या तरुणांसाठीही सांकेतिक भाषेचे शिक्षक होण्याचा वेगळा अभ्यासक्रम आहे. तालुक्यातून एक जण जरी हे शिकून परत आला, तरी फळ्यावरचे सुरेख अक्षरात उतरवून घेणाऱ्या एखाद्या मुलाला त्या अक्षरांचा अर्थ सापडेल.