पाण्याखालच्या खोऱ्यातून वाचताना

पुण्यात पानशेत म्हटलं की १२ जुलै १९६१ हा दिवस आठवतो. त्या दिवशी धरण फुटलं, खडकवासल्याचा बांधही टिकला नाही आणि मुठेचं पाणी पेठांमध्ये शिरलं. पुणेकरांनी त्या दिवसाबद्दल भरभरून लिहिलं आहे. आत्मचरित्रांत, दिवाळी अंकांत, वाड्यांच्या आठवणींत तो पूर पुन्हा पुन्हा भेटतो. आमच्या वेल्ह्याच्या अंगाला पानशेतची आठवण निराळी आहे. धरण फुटण्याआधी ते बांधलं जात होतं, आणि ते बांधायचं म्हणजे आंबी नदीच्या खोऱ्यातली गावं उठवायची होती. ती आठवण घराघरांत आहे, छापील पानावर मात्र क्वचितच दिसते.

नसरापूर या दोन आठवणींच्या मधोमध आहे. पुणे-सातारा रस्त्यावर चेलाडी फाट्याला वळलं की पेठ लागते, पुढे रस्ता राजगड-तोरण्याकडे जातो. दक्षिणेला भोर. बनेश्वराच्या दर्शनाला आणि धबधब्याला येणारी पुण्याची गर्दी आम्ही पाहतो, आणि वेल्ह्याच्या एसटीतून उतरणारी माणसंही आम्हीच पाहतो. अशा जागी बसून गेल्या काही महिन्यांत मी ओळीनं कादंबऱ्या आणि आत्मकथनं वाचली. काही पहिल्यांदा, काही पुन्हा. वाचताना एक गोष्ट पक्की होत गेली. पुस्तक आवडलं की नाही, एवढ्यावर मत पुरं होत नाही. या पुस्तकात कोण बोलतं आणि कोण गप्प राहतं, हे पाहिलं की मताला वजन येतं. कादंबरी आणि आत्मकथन यांच्याकडे हा प्रश्न दोन वेगळ्या तऱ्हांनी न्यावा लागतो.

एक आयुष्य, दोन पुस्तकं

हा फरक समजून घ्यायला गो. नी. दांडेकरांइतकं सोयीचं उदाहरण मराठीत दुसरं नसेल. पोरवयात ते घर सोडून स्वातंत्र्याच्या चळवळीत गेले, पुढे गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, नर्मदेच्या काठानं हिंडले. या भटकंतीतून त्यांची दोन पुस्तकं आली. १९५७ ची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ ही कादंबरी, आणि बऱ्याच वर्षांनी आलेली ‘स्मरणगाथा’, जिला १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

दोन्ही पाठोपाठ वाचून पाहा. कादंबरीत नर्मदेचा काठ, माणसं, वाट हे सगळं एका सुरात लावलेलं आहे. जे त्या सुरात बसत नाही, ते लेखकानं बाजूला ठेवलं. तो त्याचा हक्कच आहे. ‘स्मरणगाथे’त मात्र भूक आहे, परक्याच्या ओसरीवर काढलेली रात्र आहे, कुणी हाकलल्याचा अपमान आहे, आणि कुणी अवचित पुढे केलेली भाकरीही आहे. अनुभव तोच, पण इथे तो विस्कटलेला येतो. माझं मत विचाराल तर मला ‘स्मरणगाथा’ अधिक भिडली. कादंबरीतलं वैराग्य कशावर उभं आहे, हे मला आत्मकथनानं दाखवलं. तरी कादंबरी उणी आहे असं मी म्हणणार नाही. आत्मकथन पुष्कळ काही सांगतं, पण नर्मदेला केंद्रस्थानी ठेवून स्वतःला बाजूला सारणं त्याला जमत नाही. ते कादंबरीला जमलं.

कादंबरीत उरलेलं खोरं

दांडेकरांच्या किल्ल्यांवरच्या कादंबऱ्या आमच्या भागात आवडीनं वाचल्या जातात. राजमाचीचा ‘माचीवरला बुधा’, तुंगच्या परिसरातला ‘पवनाकाठचा धोंडी’, राजगडाची ‘वाघरू’. मुंबई सोडून माचीवर परतलेल्या म्हाताऱ्या बुधाचं एकटेपण दांडेकरांनी इतक्या मायेनं लिहिलं आहे की शहरातल्या वाचकाला ते हवंहवंसं वाटतं. मी ते वाचते तेव्हा आनंदाबरोबर थोडी अस्वस्थही होते. गडांच्या कुशीतल्या वस्त्यांमधून माणसं खाली येतात ती शाळेसाठी, दवाखान्यासाठी, उन्हाळ्यातल्या पाण्यासाठी. माचीवरचं एकटेपण बुधानं निवडलं, पुष्कळांच्या वाट्याला मात्र ते नुसतंच आलं. कादंबरी निवडणाऱ्याची गोष्ट सांगते आणि दुसऱ्यांबद्दल गप्प राहते. तो कादंबरीचा दोष नाही, तिची हद्द आहे. वाचकाला ती हद्द दिसायला हवी.

‘पवनाकाठचा धोंडी’ची मात्र वाचताना वेगळीच गंमत होते. ती आली १९५५ साली. त्यानंतर पवना नदीवर धरण झालं आणि खोऱ्याचा मोठा भाग जलाशयाखाली गेला. दांडेकरांनी खोरं कोरडं असताना, तिथे नांगर चालत असताना लिहिलं. आज तुंगवरून खाली पाहिलं तर पाणी दिसतं, आणि कादंबरी उघडली तर वाटा, शेतं, नदीचा काठ दिसतो. म्हणजे कल्पित म्हणून लिहिलेलं पुस्तक काळाच्या ओघात त्या खोऱ्याची आठवण होऊन बसलं. कादंबरीत ‘नुसत्या बनवलेल्या गोष्टी’ असतात असं म्हणणाऱ्यांनी हे पुस्तक हातात घ्यावं.

मावळपट्ट्याला धरणांचा इतिहास नवा नाही. शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. त्यात उतरलेल्या वि. म. भुस्कुट्यांनी ‘मुळशी सत्याग्रह’ हे पुस्तकही लिहिलं. आमच्या भोर तालुक्यात वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण आहे. इंग्रजांनी आधी लहान धरण बांधलं होतं, त्याच्या जागी १९२८ साली आजचं मोठं धरण उभं राहिलं. नीरेच्या कालव्यांनी ते पाणी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसपर्यंत नेलं. तिकडे ऊस झाला, साखर कारखाने उभे राहिले. इकडे दरवर्षी मे महिन्यात भाटघरचं पाणी आटलं की कांबऱ्याचं कांबरेश्वराचं मंदिर उघडं पडतं. तडकलेला गाळ तुडवत माणसं दर्शनाला जातात. लेकरांना आजोबांची जमीन कुठे होती ते बोटानं दाखवलं जातं आणि पावसाळ्यात सगळं पुन्हा झाकलं जातं. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली आला. भाटघर आणि पानशेतमुळे उठलेल्या माणसांच्या वेळी तो नव्हताच.

विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ मी या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचली. १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली ही कादंबरी धरणग्रस्तांची आहे. तिची खरी ताकद मला तिच्या तपशिलात दिसते. नोटिसा, मोजणी, मोबदल्याचा आकडा, कचेरीतल्या खेपा, मधले दलाल, नव्या जागी आधीपासून राहणाऱ्यांचा विरोध. विस्थापन म्हणजे एका दिवशी बिऱ्हाड हलवणं नव्हे, ते वर्षानुवर्षं चालतं, हे या पुस्तकाइतकं स्पष्ट मला कुठे वाचायला मिळालेलं नाही. खैरमोडे गुरुजींसारखा माणूस सरळ मार्गानं लढतो आणि थकत जातो, ते वाचताना आपल्या ओळखीची कितीतरी माणसं डोळ्यांपुढे येतात. खटकलं ते असं की संकटांवर संकटं इतकी येतात की काही ठिकाणी माणसं बाजूला पडतात आणि नुसता अन्याय उरतो. बायकांच्या वाट्याला दुःख पुष्कळ येतं, बोलणं थोडं.

कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विषय पुन्हा धरणानं उठवलेल्या गावाचा, पण वाट अगदी वेगळी. मागे राहिलेली म्हैस परत आणायला माणूस जुन्या गावाकडे जातो आणि पाहतो तर ती रानाची झालेली असते. एवढ्याशा गोष्टीवर खोतांनी कादंबरी उभी केली. ‘झाडाझडती’ आपल्याला सरकारी कागद वाचायला शिकवते. ‘रिंगाण’ दाखवते की गाव सुटतं तेव्हा माणूस आणि जनावर यांच्यातला करारही तुटतो. मी दोन्ही वाचाव्यात असंच सांगेन. एकच निवडायची झाली तर आज मी ‘रिंगाण’ निवडेन. गुराढोरांबरोबर वाढलेल्या वाचकाला त्या म्हशीचं वागणं समजावून सांगावं लागत नाही.

पुड्यांच्या कागदातून आलेलं पुस्तक

भाटघरचं पाणी ज्या फलटणला जातं, तिथलंच एक आत्मकथन मला फार मोलाचं वाटतं. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. आधी ते ‘स्त्री’ मासिकातून आलं, १९८६ साली त्याचं पुस्तक झालं. लेखिकेचं छोटं किराणा दुकान होतं. माल बांधायला आलेल्या रद्दीतला कागदन् कागद त्या वाचत. दुकानात बसून लिहीत आणि लिहिलेलं घरच्यांच्या नजरेआड ठेवत. वर्षानुवर्षं हे चाललं.

पुस्तक वाचायला घेताना वाटतं की एका बाईचं चरित्र वाचायला मिळेल. मिळतं ते महारवाड्याचं जगणं. भूक, मेलेल्या जनावराचं मांस, सुनांवर होणारा जुलूम, बाळंतपणं, देवदेवस्की, आणि मग डॉ. आंबेडकरांच्या विचारानं बदललेली वस्ती. ‘मी’ फार थोडी आहे. पुढे माया पंडितांनी या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हाच्या मुलाखतीत लेखिकेनं संसारात नवऱ्याकडून सोसलेल्या मारहाणीबद्दल सांगितलं. पुस्तकात ते त्यांनी आणलं नव्हतं. समाजाचं दुःख सांगायला बसलेल्या बाईनं स्वतःचं दुःख मागे ठेवलं. हे कळल्यावर मी पुस्तक पुन्हा उघडलं, आणि सासुरवाशिणींच्या हालांची पानं आधीपेक्षा कितीतरी जड झाली. आत्मकथन खरं असतं, पण पूर्ण असतंच असं नाही. त्यात काय राहिलं आणि ते का राहिलं, हा प्रश्न लेखकावरच्या संशयातून येत नाही. तो आदरानंही विचारता येतो.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ याच्या दुसऱ्या टोकाला आहेत. १९३४ पासून भागाभागांनी आलेल्या या पुस्तकात त्या बहुतेक काहीच मागे ठेवत नाहीत. उदार पण लहरी नवरा, हातात न टिकणारा पैसा, नवऱ्यानं धर्म बदलल्यावर मोडलेला संसार, काही वर्षांनी स्वतःच्या मनानं घेतलेला निर्णय. स्वतःच्या सोवळ्याओवळ्याचं वेड कसं सुटत गेलं, हे त्या जितक्या मोकळेपणानं सांगतात तितकं सांगायला आजही धीर लागेल. नारायण वामन टिळकांवर त्यांचा जीव होता, म्हणूनच त्यांनी नवऱ्याचा पुतळा केला नाही. नामवंत पुरुषाच्या पत्नीनं लिहिलेलं आत्मकथन कसं असावं, याचं उत्तर मराठीला तेव्हाच मिळालं होतं. १९९० साली सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ आलं आणि लाडक्या लेखकाच्या घरातल्या कुरबुरी बाहेर आल्या म्हणून पुष्कळ वाचक दुखावले. मला त्या नाराजीचं नवल वाटतं. बायकोनं स्वतःच्या आयुष्याबद्दल लिहिलं, तर त्यात नवरा येणारच.

मत द्यायचं ते कशावरून

गावातल्या वाचनालयात पुस्तक परत करताना ‘छान आहे’ किंवा ‘रटाळ आहे’ एवढं बोलून आपण मोकळे होतो. पुढच्या वाचकाला त्याचा काही उपयोग होत नाही. मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. कादंबरीबद्दल बोलायचं तर लेखकाला जो माणूस आवडत नाही, त्याला त्यानं किती नीट बोलू दिलंय ते पाहायचं. ‘झाडाझडती’तल्या कचेरीतल्या माणसालाही स्वतःची बाजू असते. ती जिथे येते तिथे कादंबरी भक्कम होते, जिथे येत नाही तिथे ती पत्रक होऊ लागते. आत्मकथनाबद्दल बोलायचं तर लेखक तेव्हाच्या स्वतःला किती खरेपणानं समोर उभं करतो ते पाहायचं. चाळिशीत आलेलं शहाणपण दहाव्या वर्षाच्या पोराच्या तोंडी घातलं की वाचकाला ते लगेच कळतं. आणि दोन्हींबाबत, मत मांडताना पुस्तकातली एखादी जागा दाखवायची. जागा दाखवली की ऐकणारा आपल्याशी वाद घालू शकतो. त्या वादातूनच गावात वाचन वाढतं.

महामार्गानं साताऱ्याकडे जाताना पाचगणीच्या रस्त्याला वळलं की पाचगणीजवळचं भिलार लागतं. ४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचं गाव’ आहे. तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, कुणीही जावं, बसून वाचावं. भोर-वेल्ह्यातल्या शाळांनी मुलांना तिथे जरूर न्यावं. पण न्यायच्या आधी त्यांच्या हाती एखादी कादंबरी आणि एखादं आत्मकथन द्यावं, आणि परत आल्यावर त्यांचं मत ऐकून घ्यावं, ते शिक्षकांच्या मताविरुद्ध असलं तरी.

राहिलेलं पुस्तक

धरणग्रस्तांच्या कादंबऱ्या मराठीत आहेत, चांगल्या आहेत. मला वाचायचं आहे ते या खोऱ्यातल्या एखाद्या बाईचं आत्मकथन. जुन्या गावात लग्न होऊन आलेली, नव्या गावठाणात संसार थाटलेली, जुन्या विहिरीवरच्या मैत्रिणी आता कुठकुठल्या तालुक्यांत पांगल्या आहेत हे तोंडपाठ असलेली. सरकारी दप्तरात तिच्या सासऱ्याचं नाव आहे, मोबदल्याच्या कागदावर नवऱ्याचा अंगठा आहे. तिचं म्हणणं कुठेच नोंदलेलं नाही. कादंबरीकारानं तिला कल्पनेनं बोलकं केलं, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पण ती स्वतः बोलेल तेव्हा काय सांगेल, हे त्यालाही ठाऊक नाही.

तिला लिहिता येत नसेल तर नातीनं लिहून घ्यावं, मोबाइलवर रेकॉर्ड करावं. पुनर्वसन कसं झालं, हा मोठा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारू नये. घराचं दार कुठल्या दिशेला होतं, दळण कुठे दळलं जाई, गाव सोडताना काय बरोबर घेतलं आणि काय घेता आलं नाही, हे विचारावं. बाकीचं आपोआप येईल. जे हाती येईल त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी, बिनछापील असली तरी. ती पिढी आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. आमच्या खोऱ्याबद्दलच्या पुस्तकावर उद्याच्या वाचकानं कडक मत द्यावं, हवं तर ते पुस्तक नापसंत करावं. त्यासाठी आधी ते लिहिलं जायला हवं, आणि ते काम या उन्हाळ्यातच सुरू व्हायला हवं.