गरिबाची पत कोणाच्या नफ्यासाठी?

सूक्ष्म वित्तपुरवठा असे भारदस्त नाव ज्या व्यवहाराला आज लाभले आहे, त्याचे मूळ अगदी साधे होते. १९७६ साली चितगावजवळच्या जोबरा गावी महंमद युनूस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने ४२ कष्टकऱ्यांना मिळून अवघे २७ डॉलर उसने दिले. तेवढ्याशा पैशापायी ही माणसे व्यापाऱ्यांची बांधील झाली होती. तारण नसले तरी गरीब माणूस कर्ज बुडवीत नाही, हे या प्रयोगाने दाखविले आणि २००६ साली युनूस व त्यांची ग्रामीण बँक शांततेच्या नोबेल पारितोषिकास पात्र ठरली.

पण कर्ज फिटले म्हणजे दारिद्र्यही फिटले, हा सिद्धान्त कोणी काढला? आमच्या मते सारा घोटाळा येथेच झाला. हैदराबादच्या वस्त्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. काही चालू धंदे वाढले, घरात चार टिकाऊ वस्तू आल्या. परंतु कुटुंबाचा एकूण खर्च, मुलांचे शिक्षण आणि घरातील स्त्रीचा अधिकार यांत लक्षणीय फरक पडला नाही.

पडावा तरी कसा? १०,००० रुपये घ्यावेत आणि आठवड्याला २२० रुपये याप्रमाणे ५० हप्ते भरावेत, म्हणजे व्याज १,००० रुपये. वरवर पाहता दर १० टक्के! पण मुद्दल दर आठवड्यास घटत असते, हे ध्यानी घेतले की तोच दर २० टक्क्यांवर जातो. शिवाय पहिला हप्ता येतो तो लगेच. म्हशीचा भाकड काळ हप्त्याला ठाऊक नसतो. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी ज्यांची खतपत्रे जाळली ते सावकार निर्दय असतील, पण सुगीची वाट पाहणे त्यांनाही कळत होते.

या धंद्यात भागधारक शिरले तेव्हा काय घडले, ते आंध्र प्रदेशाने पाहिले. २०१० च्या ऑगस्टमध्ये एसकेएस या कंपनीने भागविक्री करून सुमारे १,६०० कोटी रुपये उभारले. त्याच राज्यात एकेका बाईच्या माथी तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जे चढली होती. आत्महत्यांची वृत्ते येऊ लागली आणि ऑक्टोबरात सरकारने वटहुकूम काढला. वसुली ठप्प झाली. मात्र कर्जाचा झरा आटताच इतर राज्यांतही मजुरीचे दर घसरल्याचे पुढे अभ्यासकांना आढळले. तेव्हा ही दारे सरसकट बंद करा, असे आम्ही म्हणणार नाही.

आमची तक्रार निराळी आहे. रिझर्व्ह बँकेने २०११ साली घातलेली व्याजाची कमाल मर्यादा २०२२ च्या एप्रिलपासून उठविली आणि हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत जाऊ दिले. निम्म्यापर्यंत! ज्या घरात महिन्याकाठी १२,००० रुपये येतात, तेथे ६,००० हप्त्यांत गेल्यावर चुलीवर काय चढावे? जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटकास २०२५ साली वटहुकूम काढावा लागला, यात नवल ते कोणते?

हे दूरच्या खेड्यांतले प्रकरण म्हणून वाचकांनी पान उलटू नये. बँका या कंपन्यांना कर्जे देतात आणि ती 'अग्रक्रम क्षेत्रा'च्या खाती मांडतात. तुमच्या-आमच्या ठेवीच अशा रीतीने आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या दारी हप्ता मागत उभ्या राहतात.

नाबार्डने १९९२ साली ५०० गटांपासून आरंभिलेल्या योजनेत क्रम उलटा होता. आधी बायकांची बचत, मग आपसांतले कर्ज, आणि त्यानंतर बँकेचे. बँकांनी या गटांकडे थेट जावे. कंपन्यांवरील व्याजमर्यादा पुन्हा लागू करावी, हप्त्यांची सीमा उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शावर आणावी आणि हप्ता कमाईच्या हंगामाप्रमाणे ठरविण्याची मुभा कर्जदाराला द्यावी. रिझर्व्ह बँकेने हे याच वर्षी करावे.