'आरटीए' म्हणजे अपघात की किडनी?

सरकारी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत केसपेपरवर 'आरटीए' लिहिलेलं दिसलं की वॉर्डबॉयलाही कळतं: रस्त्यावरचा अपघात. तीच अक्षरं मूत्रपिंडतज्ज्ञाच्या कागदावर असली, तर तो रीनल ट्यूब्युलर अ‍ॅसिडोसिस असू शकतो. शरीरातलं आम्ल लघवीवाटे बाहेर टाकायला मूत्रपिंड कमी पडतं, तो हा विकार. डॉक्टरांचं यात काही अडत नाही, पेशंट समोरच असतो. अडतं ते मेडिकल कोडरचं. त्याच्यापुढे फक्त कागद.

अमेरिकेतल्या रुग्णालयांचे असे कागद वाचून कोड लावण्याचं काम चेन्नई, हैदराबाद, पुणे, नवी मुंबईतल्या कार्यालयांत चालतं. विम्याचं बिल त्या कोडवरच पास होतं किंवा परत येतं. अमेरिकेत १ ऑक्टोबर २०१५ पासून आजारांसाठी 'आयसीडी-१०-सीएम' ही यादी लागू झाली आणि सुमारे १४ हजार कोडांचे जवळपास ७० हजार झाले. बदकाची धडक बसून इजा झाली, तर तिलाही स्वतंत्र कोड आहे.

हसू येतं खरं, पण कस लागतो तो रोजच्या ऑपरेशनांत. त्यांची यादी वेगळी. दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तर भरती रुग्णासाठी तिच्यातला कोड होतो ०-डी-टी-जे-४-झेड-झेड. पहिलं शून्य म्हणजे शस्त्रक्रिया, 'डी' पचनसंस्था, 'टी' म्हणजे तो भाग पूर्ण काढला, 'जे' अपेंडिक्स, ४ म्हणजे छोट्या छिद्रांतून, दुर्बिणीने. उरलेले दोन झेड सांगतात की आत काही उपकरण ठेवलं नाही आणि आणखी नोंदवण्यासारखं काही नाही. पोट उघडून तीच शस्त्रक्रिया केली, तर ४ च्या जागी शून्य येतं.

गोम त्या 'टी'मध्ये आहे. या यादीत 'रिसेक्शन' म्हणजे अख्खा भाग काढणं आणि 'एक्सिजन' म्हणजे त्याचा तुकडा काढणं. सर्जन मात्र सवयीने 'पार्शल रिसेक्शन' लिहून मोकळा होतो. नियमच सांगतो की डॉक्टरने यादीची भाषा बोलावी अशी अपेक्षा नाही. त्याला काय म्हणायचंय ते ओळखून कोडरने 'एक्सिजन' लावायचं, आणि तेही डॉक्टरला न विचारता.

संशयित निदानाचा नियम तर आणखी मजेशीर. 'न्यूमोनिया असावा' असं ओपीडीच्या नोंदीत असेल, तर न्यूमोनियाचा कोड लावता येत नाही. खोकला, ताप अशी लक्षणंच नोंदवायची. भरती रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळीही निदान तसंच 'असावा'वर राहिलं, तर मात्र ते पक्कं धरून कोड लागतो. आजार तोच, शब्द तेच, फक्त दार वेगळं.

मुळात आजारांच्या या याद्या उपचारासाठी जन्मल्याच नाहीत. जाक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये शिकागोत मृत्यूच्या कारणांचं वर्गीकरण मांडलं. आजच्या आयसीडीचा तो पूर्वज. मोजायचं म्हटलं की ढीग थोडे लागतात, पण डॉक्टरला बारकावे लिहायचे असतात. त्यासाठी 'स्नोमेड सीटी' हा निराळा शब्दसंग्रह आहे. त्यात साडेतीन लाखांच्या वर संकल्पना आहेत. भारतात त्याचं काम पुण्याच्या सी-डॅकमधलं राष्ट्रीय केंद्र पाहतं.

स्नोमेडमधली संकल्पना आयसीडीच्या ढिगात टाकताना सरळ जोड्या लावून भागत नाही. 'स्लीप अ‍ॅप्निया', म्हणजे झोपेत श्वास थांबणं, हे एकच निदान. पण बाळ २८ दिवसांच्या आतलं असेल तर ते नवजात अर्भकांच्या प्रकरणात जातं, एरवी मज्जासंस्थेच्या आजारांत. म्हणून स्नोमेडला आयसीडीशी जोडणाऱ्या नकाशात वयाच्या अटी घातलेल्या असतात. संगणक अट पाळतो, पण नोंदीत वयच नसेल तर त्याचाही नाइलाज होतो.

आता या कामात वैद्यही आले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत आयसीडी-११ मधल्या आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी संज्ञांच्या विभागाचं उद्घाटन झालं. आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच, असं सर्रास म्हटलं जातं. पण वैद्याची निदानाची चौकट निराळी आहे. म्हणून पारंपरिक निदानाला आधुनिक कोडात कोंबण्याऐवजी दोन्ही कोड एकाच नोंदीत शेजारी लिहिण्याची सोय या यादीत आहे. अर्थात त्यासाठी वैद्यबुवांना नुसतं 'वात' लिहून भागणार नाही.