जुन्या मालमोटारीचा नवा मास्टर सिलिंडर

गळिताचा हंगाम तोंडावर आला कीं जुन्या मालमोटारींची डागडुजी सुरू होते. टायर, पाटे, इंजिन यांकडे आम्हां शेतकऱ्यांचें लक्ष जातें. ब्रेक मात्र पाय दाबल्यावर लागतो आहे तोंवर कोणी पाहत नाहीं. गतवर्षीं आमच्याच गाडीस नवा मास्टर सिलिंडर बसविला. चौथ्या दिवशीं पेडल पायाखालीं खचत खचत तळाशीं गेलें. गाडी रिकामी व अंगण सपाट, म्हणून निभावलें. मागें उसाचा भार व पुढें घाटाचा उतार असता, तर हा लेख लिहावयास आम्ही उरलों नसतों.

दोष सिलिंडराचा नव्हता, जोडाचा होता. ब्रेकच्या नळीचा नट आट्यांत तिरपा शिरला असतां मिस्त्रीनें तो पान्याच्या जोरानें आवळला होता. वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी : आटे तेल अडवीत नाहींत, ते केवळ दाब देतात. तेल अडतें तें नळीचें पसरट तोंड सिलिंडरांतील बैठकीवर सारखें टेकल्यामुळें. आट्यांवर टेप अगर सफेदा लावणें म्हणूनच व्यर्थ होय.

सिलिंडर विकत घेतांना जुना सिलिंडर व त्याचे नट बरोबर न्यावे. 3/8 इंची, इंचास 24 आट्यांचा नट 10 मिलिमीटरच्या आट्यांत सैल शिरतो, एकदोन फेरे धरल्यासारखा वाटतो आणि दाब येतांच दगा देतो. दोहोंच्या जाडींत अर्ध्या मिलिमीटराहूनही कमी फरक आहे. तो डोळ्यांस दिसत नाहीं. नळीच्या तोंडाच्याही दोन तऱ्हा आहेत, एक नरसाळ्यासारखी व दुसरी अळंब्याच्या टोपीसारखी. एकीच्या बैठकीवर दुसरी बसत नाहीं. तोंड चिरलेलें दिसल्यास नळीच बदलावी. स्वस्त पडते म्हणून साध्या तांब्याची घालूं नये.

नव्या सिलिंडरांतील हवा तो गाडीवर चढविण्यापूर्वींच काढावी. नंतर तो बोल्टांवर सैल ठेवावा, म्हणजे हलवून नळीच्या रेषेंत आणतां येतो. नट बोटांनींच तीनचार फेरे फिरवावे. बोटांनीं न फिरणारा नट बाहेर काढून पुन्हां लावावा. मग सिलिंडर घट्ट करावा व शेवटीं नट. त्यासाठीं नळीपुरती फट असलेला बंद तोंडाचा पाना घ्यावा. उघड्या पान्यानें कोपरे झिजतात.

पेडलच्या दांड्यास किंचित् मोकळीक हवी. ती नसल्यास तेल परत जाण्याचें बारीक छिद्र झांकलेंच राहतें व ब्रेक धरून बसतात. इंजिनाचें तेल कधींही ओतूं नये, रबरी वायसर फुगतात. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषतें. डॉट 3 जातीचें ताजें तेल 205 अंशांपर्यंत उकळत नाहीं, ओलसर झालेलें 140 अंशांसही उकळूं शकतें. यास्तव अर्धवट उघडा जुना डबा वापरूं नये.

चाकांची हवा, बहुतेक गाड्यांत, दूरच्या चाकापासून काढावी. इतकें झाल्यावर इंजिन सुरू ठेवून एकानें पेडल मिनिटभर जोरानें दाबून धरावें व दुसऱ्यानें प्रत्येक जोड कोरड्या फडक्यानें पुसून पाहावा. फडकें ओलें झालें तर गाडी अंगणांतून हलवूं नये.