प्रवेशापासून निवडीपर्यंत

अंध शाळेत नेलं की ‘याला समजत नाही’, मतिमंदांच्या शाळेत नेलं की ‘याला दिसत नाही’. एकाहून अधिक गंभीर अपंगत्वं असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी वर्षानुवर्षं हेच ऐकलं. शाळाच मुळी एकेका अपंगत्वाच्या निघाल्या होत्या.

ही चौकट आधी संस्थांनी मोडली. १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली आणि सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना थेरपी व शिक्षण एका छताखाली मिळू लागलं. १९७७ मध्ये मुंबईतच उभ्या राहिलेल्या हेलन केलर संस्थेने दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही अशा मुलांना स्पर्शातून शिकवायला घेतलं.

कायदा मागाहून आला. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात अपंगत्वं होती, बहुविकलांगता त्यांत नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिचं नाव घेतलं. २०१६ च्या कायद्याने ६ ते १८ वयाच्या लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला जवळची शाळा किंवा पसंतीची विशेष शाळा निवडायचा हक्क दिला. त्याआधी २०१२ मध्ये शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन बहुविकलांग मुलांना घरी राहून शिकण्याचाही पर्याय मिळाला होता.

या शेवटच्या पर्यायाला दोन बाजू आहेत. वारंवार फिट येणाऱ्या, नळीने अन्न घेणाऱ्या मुलाला तो खरा आधार. पण हा हक्क मुलाचा आहे, शाळेची पळवाट नव्हे. ‘घरीच शिकवा, शिक्षक येतील’ असं शाळा स्वतःहून सुचवते, तेव्हा निवड तिने केलेली असते. फिरते शिक्षक अधूनमधून येतात. बरोबरीची मुलं, त्यांचा गलका, डब्याची सुट्टी मात्र घरी येत नाही.

पूर्वी घेतील ती शाळा आपली. आता निदान कागदावर तरी निवड आहे, मग ती पारखूनच करावी. इमारत, रॅम्प नंतर पाहावेत. आधी विचारावं: डायपर कोण बदलणार? घास किती वेळ घेऊन भरवणार? न बोलणाऱ्या मुलाचा ‘नको’ कशावरून ओळखणार? ज्या शाळेला याची उत्तरं तिथल्या मावशींना बोलावून द्यावीशी वाटतात, तिथे मुलाचा विचार झालेला असतो. बाकीच्या ठिकाणी फक्त प्रवेश मिळतो.