सलग आठ हार : नशीब किती, चूक किती?

पाच वेळा ट्रॉफी उचललेली टीम एका सीझनमध्ये एकदम तळाला कशी जाते? २०२२ च्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सचं नेमकं हेच झालं. २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच वेळा चॅम्पियन असलेली टीम, कॅप्टन तोच रोहित शर्मा, आणि पहिल्या आठच्या आठ मॅच हरली! सीझनच्या सुरुवातीलाच सलग आठ हार, असं त्याआधी आयपीएलमध्ये कोणाचंच झालं नव्हतं. शेवटी हिशोब काय, तर १४ पैकी ४ विजय, ८ पॉइंट आणि दहा टीममध्ये दहावा नंबर. प्रवासाचं कारण सांगायचीसुद्धा सोय नव्हती, कारण त्या वर्षी लीगच्या सगळ्या मॅच मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातच झाल्या.

नागपूरला स्वतःची आयपीएल टीम नाही, म्हणून होस्टेलची बरीच पब्लिक मुंबईलाच आपलं मानते. सक्करदरा चौकातल्या चहाच्या टपरीवर अजूनही २०२२ चा विषय निघाला की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "नशीबच खराब होतं ना भाऊ!" दुसरी म्हणते, "काहून बे? टीमच भंगार होती." माझ्या मते दोन्ही पार्ट्या थोड्या थोड्या बरोबर आहेत. कोण किती, ते आकड्यांवरून पाहू या. इंजिनिअरिंगला आलो आहोत तर प्रॉबेबिलिटीचा एवढा तरी उपयोग व्हायला पाहिजे!

आधी नशीब

समजा एखादी टीम अगदी साधारण आहे. ना चांगली, ना वाईट. प्रत्येक मॅच म्हणजे नाणेफेक. अशी टीम सलग आठ मॅच हरण्याची शक्यता किती? अर्ध्याचा आठवा घात, म्हणजे २५६ मध्ये एक. वाटतं, बापरे, हे तर होणारच नाही! पण थांबा. २००८ ते २०२२ या १५ सीझनमध्ये कधी आठ, कधी नऊ, कधी दहा टीम होत्या. सगळ्या मिळून टीमचे १२६ सीझन झाले. म्हणजे २५६ मध्ये एक अशी गोष्ट १२६ वेळा ट्राय केली गेली. कॅल्क्युलेटर काढून बघा, निदान एकदा तरी कोणीतरी पहिल्या आठ मॅच हरण्याची शक्यता साधारण ३९ टक्के येते. म्हणजे सगळ्या टीम तंतोतंत सारख्या असत्या, तरीसुद्धा हे कोणाच्या तरी नशिबी येणं काही अघटित नव्हतं. फक्त ते मुंबईच्या नशिबी आलं, म्हणून एवढा गाजावाजा.

दुसरी गोष्ट, १४ मॅच म्हणजे फारच कमी. अमेरिकेत बेसबॉलची प्रोफेशनल टीम एका सीझनमध्ये १६२ मॅच खेळते. तिथे चांगल्या चांगल्या टीमसुद्धा ६० मॅच हरतात आणि कोणी रडत नाही. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १६२ पैकी १२१ मॅच हरले. आता तिथे मात्र नशिबाला दोष देता येत नाही. १६२ वेळा नाणं उडवल्यावर इतका फरक पडतच नाही, टीमच खराब होती म्हणायला पाहिजे. आयपीएलमध्ये मात्र आठ वाईट संध्याकाळी आल्या की सीझन खल्लास.

आणि त्या आठपैकी दोन तरी मॅच मुंबईच्या हातात होत्या. पहिलीच मॅच घ्या, २७ मार्च, दिल्लीविरुद्ध. मुंबईचे १७७ रन. दिल्लीची अवस्था ६ बाद १०४. मग ललित यादव आणि अक्षर पटेल यांनी ३० बॉलमध्ये ७५ रन ठोकले आणि मॅच नेली. सातवी मॅच, २१ एप्रिल, चेन्नईविरुद्ध. शेवटच्या ओव्हरमध्ये १७ पाहिजे होते. शेवटच्या चार बॉलवर धोनीने सहा, चार, दोन, चार मारले. संपलं! असे चार बॉल कोणत्या लिलावात विकत घेणार?

मग चूक

आता दुसऱ्या पार्टीचं ऐकू. वरच्या दोन मॅच जिंकल्या असत्या तरी किती झाल्या असत्या? १४ पैकी ६. त्या वर्षी चौथ्या नंबरवर आलेल्या बंगळुरूचे १६ पॉइंट होते, म्हणजे ८ विजय. दोन मॅच कमीच! एवढा फरक सगळाच नशिबाचा म्हणता येत नाही. त्याचं मूळ मैदानात नसून लिलावाच्या टेबलवर आहे.

२०२२ ला गुजरात आणि लखनौ या दोन नव्या टीम आल्या, म्हणून मेगा लिलाव झाला. जुन्या टीमला जास्तीत जास्त चार खेळाडू ठेवता येणार होते आणि सगळ्यांचं बजेट सारखंच, ९० कोटी. मुंबईने रोहित, बुमराह, सूर्यकुमार आणि पोलार्ड ठेवले. त्यातच ४२ कोटी गेले. उरले ४८. त्यातले ईशान किशनवर १५.२५, टिम डेव्हिडवर ८.२५ आणि जोफ्रा आर्चरवर ८ कोटी. तिघांचे मिळून ३१.५ कोटी! बाकी सगळी टीम साडेसोळा कोटीत भरायची.

त्यातही गंमत बघा. आर्चर दुखापतीमुळे २०२२ ला खेळण्याची शक्यता जवळपास नाही हे लिलावाच्या वेळीच माहीत होतं. त्याला पुढच्या वर्षांसाठी घेतलं होतं. म्हणजे या वर्षीचे ८ कोटी बाकावरसुद्धा नाहीत, घरी बसले. आणि जे सुटले ते कोण? ट्रेंट बोल्ट राजस्थानला, डी कॉक आणि कृणाल पांड्या लखनौला, राहुल चहर पंजाबला. हार्दिक पांड्या गुजरातचा कॅप्टन झाला आणि त्याच वर्षी ट्रॉफी घेऊन गेला. बोल्ट गेला, आर्चर नाही, मग बुमराहच्या दुसऱ्या बाजूने बॉलिंग कोण करणार? पुण्याला कोलकात्याविरुद्ध पॅट कमिन्सने डॅनियल सॅम्सच्या एकाच ओव्हरमध्ये ३५ रन काढले आणि मॅच चार ओव्हर राखून गेली. याला बॅड लक म्हणत नाहीत.

आपल्या विदर्भाच्या पोरांनीही हात धुऊन घेतले बरं का. त्याच कोलकात्याच्या मॅचमध्ये रोहितला आउट केलं ते आपल्या खापरखेड्याच्या उमेश यादवने. आणि पंजाबने मुंबईला १२ रननी हरवलं, त्यात अमरावतीच्या जितेश शर्माचे १५ बॉलमध्ये नाबाद ३० होते. हा जितेश काही वर्षांपूर्वी मुंबईच्याच टीममध्ये होता, पण त्याला एकही मॅच मिळाली नव्हती.

आणखी एक चूक म्हणजे टिम डेव्हिड. सव्वाआठ कोटी देऊन आणला, पहिल्या दोन मॅचमध्ये चालला नाही म्हणून सहा मॅच बाहेर बसवला. दोन मॅचवरून माणूस ओळखायचा! नवव्या मॅचला परत घेतला तर ९ बॉलमध्ये नाबाद २०. तारीख ३० एप्रिल, रोहितचा वाढदिवस, आणि मुंबईचा पहिला विजय.

शेवटच्या सहा मॅच

बहुतेक लोक आठ हारांपर्यंतच लक्षात ठेवतात. पण त्यानंतरच्या सहापैकी चार मॅच मुंबईने जिंकल्या. टीम तीच, कॅप्टन तोच. प्लेऑफची आशा संपलेली, कोणी विचारत नाही, तरी खेळत राहिले.

यात मला सगळ्यात आवडतो तो डॅनियल सॅम्स. ६ एप्रिलला त्याच्या एका ओव्हरमध्ये ३५ गेले होते. बरोबर महिन्याने, ६ मेला, गुजरातला शेवटच्या ओव्हरमध्ये ९ पाहिजे होते. समोर मिलर आणि तेवतिया. बॉल कोणाच्या हातात? सॅम्सच्याच! त्याने फक्त ३ रन दिले आणि मुंबई ५ रननी जिंकली. ३५ वाला सॅम्स खरा की ३ वाला? मला वाटतं दोन्हीही पूर्ण खरे नाहीत. खरा सॅम्स मधे कुठेतरी आहे, आणि तो कळायला एक ओव्हर पुरत नाही.

पुढचंही बघा. २०२२ ला चेन्नईसुद्धा ४ च मॅच जिंकून नववी आली होती, फक्त नेट रन रेटने मुंबईच्या वर. २०२३ ला तीच चेन्नई चॅम्पियन! मुंबई २०२३ ला चौथी आली, २०२४ ला हार्दिकला कॅप्टन करून परत ४ विजय आणि परत दहावी, २०२५ ला परत चौथी.

आणि आपल्या होस्टेलमध्ये?

हे सगळं क्रिकेटपुरतं असतं तर मी मॅगझिनची पानं खाल्ली नसती. प्लेसमेंटच्या सीझनमध्ये प्रत्येक मजल्यावर एकजण तरी असतो ज्याच्या आठ कंपन्या गेलेल्या असतात. मेसमध्ये त्याच्या ताटाकडे बघून लोक हळूच म्हणतात, "याचं काही खरं नाही." हळूहळू तो मेसला उशिरा यायला लागतो, सगळे उठल्यावर. मग इंटरव्ह्यूलाच जाणं बंद करतो.

त्याच्यासाठी एक गणित. समजा एक कंपनी दर पाच जणांतून एकाला घेते आणि सगळे जण अगदी सारखे हुशार आहेत. तरी आठही कंपन्यांमध्ये रिजेक्ट व्हायची शक्यता किती? ०.८ चा आठवा घात, सुमारे १७ टक्के. ६० जणांच्या वर्गात दहा जण! काहीही चूक नसताना दहा जण! सर-मॅडम लोकांनीही हा आकडा एकदा फळ्यावर लिहावा अशी विनंती आहे.

पण याचा अर्थ सगळं नशिबावर ढकलून झोपायचं असा नाही. मुंबईसारख्या दोन याद्या करायच्या. एका यादीत धोनीचे चार बॉल : शेवटच्या राउंडपर्यंत जाऊन गेलेली कंपनी, त्या दिवशीचा ताप. ती यादी करायची आणि सोडून द्यायची. दुसऱ्या यादीत चार ओव्हर राखून गेलेल्या मॅच : ॲप्टिट्यूडलाच बाहेर, प्रोजेक्टबद्दल विचारलं तर तोंडातून शब्द नाही. त्यावर काम करायचं, कारण ती यादी आपल्या हातातली आहे. आणि नवव्या कंपनीला जायचंच, कारण नाण्याला आधीचे आठ टॉस आठवत नाहीत.

बाकी मेसवाल्यांना एवढंच, की सहा मॅच बाकी असताना कोणाचा पॉइंट टेबल फायनल करू नका. आणि तो उशिरा येणारा दिसला, तर बाजूची खुर्ची धरून ठेवा.